री ओढणाऱ्यांची बाजू

‘गॅदरिंग’ हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला खरा, पण आज तो त्यांना परत करायला गेलो तर त्यांना तो ओळखू यायचा नाही. आपल्याकडे गॅदरिंग म्हणजे महाविद्यालयाचे वार्षिक स्नेहसंमेलन. मांडव, फिशपॉन्ड, पारंपरिक वेशभूषेचा दिवस, बक्षीससमारंभ, आणि शेवटी प्रमुख पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहत केलेले भाषण. त्या गॅदरिंगचा वृत्तान्त याच अंकात अन्यत्र येईलच. मला लिहायचे आहे ते दुसऱ्याच एका मेळाव्याविषयी, आणि त्याच्या निमित्ताने आपल्या गॅदरिंगविषयीही. तक्रार म्हणा हवी तर.

२०२४ च्या डिसेंबरात पुण्यात इलेक्ट्रिक गिटार आणि बेस गिटार वाजवणाऱ्या हौशी मंडळींचा एक दिवसाचा मेळावा झाला. त्याला ना नाव होते, ना फलक, ना उद्घाटक. रविवारपुरता एका शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, जेवणाचे पैसे प्रत्येकाने द्यायचे, आणि आपापले वाद्य व आपापला अँप घेऊन यायचे, एवढाच काय तो नियम. बँकेतले एक अधिकारी आले होते, चाकणच्या कारखान्यात पाळी करणारे दोघे होते, एक दंतवैद्य होते, अभियांत्रिकीची पोरे तर पुष्कळच होती. नगरहून एक मुलगा एस. टी. ने गिटार मांडीवर घेऊन आला होता. आणि सत्तरीकडे झुकलेले एक काका होते, ज्यांनी गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांतून तीस वर्षे बेस वाजवला. सवय म्हणून मी वाद्ये मोजली. गिटारी सव्वीस, बेस तीन. त्या तिनांतला एक विकायला आणलेला.

पहिले दोन तास गेले ते वाद्ये पाहण्यात. पिकअप कुठला, लाकूड कुठले, तारांची जाडी किती, कोणत्या पेडलमधून कोणाचा आवाज निघतो! लग्नघरी बायका साड्यांचे पोत पाहतात तशी ही मंडळी एकमेकांच्या गिटारी उलट्यासुलट्या करून पाहत होती. मला यात काही गैर वाटत नाही. वाद्यावर जीव असलेला माणूस लाकडाबद्दल बोलणारच. मिरजेत सतारमेकरांकडे जाऊन बसा, तिथे भोपळ्याबद्दल तितक्याच तन्मयतेने बोलणे चालते. गैर वाटले ते पुढे. जेवण झाल्यावर सगळे एकत्र वाजवायला बसले, आणि एकाच वेळी बारा गिटारी बोलू लागल्या. साथीचे स्वरसमूह धरून बसायला कोणी तयार नाही. प्रत्येकाची बोटे गिटारीच्या वरच्या टोकाला, जिथे तार किंचाळते तिथे. बारा वक्ते आणि श्रोता एकही नाही अशी ती सभा. कारखान्यातल्या दोघांपैकी एकाने शेवटी आपल्या अँपची वात खाली केली आणि चहाकडे मोर्चा वळवला. मीही त्याच्या मागोमाग गेले.

चारच्या सुमाराला मात्र एक चांगली गोष्ट घडली. एक ड्रमवाला, एक गिटारवाला, एक गाणारी मुलगी आणि बेसवर ते काका, असे चौघेच बसले, आणि एक जुने हिंदी चित्रपटगीत सुरू झाले. इतका वेळ जो हॉल मंडईसारखा वाटत होता तो एकदम घरासारखा वाटू लागला. दुसऱ्या अंतऱ्यात बेसच्या अँपचा फ्यूज उडाला. बाकी सगळे चालू होते. गिटार तीच, ड्रम तोच, मुलीचा गळा तोच. तरी हॉलमधली निम्मी माणसे मान वर करून इकडेतिकडे पाहू लागली. माझ्या शेजारचा म्हणाला, “माईक गेला वाटतं.” माईक गेला नव्हता. पलीकडचा म्हणाला, “ड्रमवाला मागे पडला.” तो पडला नव्हता. गाणारी मात्र खरोखरच चाचपडू लागली, पायरी आहे असे समजून अंधारात पाऊल टाकावे आणि ती नसावी, तशी. काय नाहीसे झाले आहे हे त्या हॉलमधल्या, स्वतःला गिटारवाले म्हणवणाऱ्या, निम्म्या लोकांना सांगता आले नाही. फ्यूज बदलेपर्यंत काका शांतपणे स्टुलावर बसून होते. नंतर चहाच्या वेळी मी त्यांना विचारले, “काका, तुम्ही वैतागला नाहीत?” ते म्हणाले, “कशाला वैतागायचं, पोरी? आज पहिल्यांदा लोकांनी माझ्याकडे बघितलं!”

बेस हे वाद्य असे असते. ते वाजत असताना ऐकू येत नाही, थांबल्यावर ऐकू येते.

यामागे शास्त्र आहे, आणि ते आपल्या भौतिकशास्त्र विभागातले कोणीही पाच मिनिटांत समजावून सांगेल. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपने त्याच्या दुप्पट, म्हणजे ८२. इतक्या खालच्या आवाजाला आपला कान मुळातच मंद. शिवाय ४१ कंपनांच्या त्या ध्वनीची एक लाट सुमारे सव्वाआठ मीटर, म्हणजे सत्तावीस फूट लांब असते! ती आपल्या बोटभर मोबाईलमधून निघावी कशी? मोबाईलच्या स्पीकरमधून दोनशेच्या खालचे फारसे काही बाहेर पडतच नाही. पण गंमत अशी की मूळ स्वर गाळला, आणि त्याच्या दुपटी, तिपटी, चौपटीची कंपने तेवढी कानावर पडली, तरी मेंदू त्यांवरून गैरहजर मूळ स्वर ताडतो. म्हणजे बसमध्ये बसून मोबाईलवर गाणे ऐकताना आपण बेस ऐकत नसतो, त्याचा अंदाज करत असतो. आमच्या पिढीने गाणी ऐकली ती बहुतेक अशी. तेव्हा हॉलमधल्या त्या मंडळींना दोष तरी कसा द्यावा?

आता जाता जाता एक सांगते. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, आणि बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी बोट ठेवले तर निघणारा स्वर ४९ चा. त्यामुळे हॉलच्या वायरिंगमध्ये दोष असला की अँपमधून जी गुणगुण येते ती त्या स्वराला अगदी खेटून बसते. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिथली गुणगुण वेगळ्या सुरातली. काकांनी ही गोष्ट मला कागदपेन्सिल न घेता सांगितली. ते म्हणाले, “गावोगावच्या मांडवांत विजेचा सूर एकच असायचा, त्यावरून मी बेस लावून घ्यायचो, आणि मग किंचित उतरवायचो.” खरेखोटे त्यांनाच ठाऊक, पण आकडे त्यांच्या बाजूने आहेत.

या वाद्याचा जन्मच मुळी ऐकू न येण्याच्या तक्रारीतून झाला. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बेस करी. माणसाहून उंच, कपाटाएवढे, मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागणारे ते वाद्य. त्याच्या गळ्यावर पडदे नाहीत, त्यामुळे स्वर कानाने शोधायचा. आणि मागे ड्रम व शेजारी विजेवरची गिटार वाजू लागली की त्याचा आवाज कोणालाच पोचत नसे. सिअॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास विजेवर चालणारा, पडद्यांचा, आडवा धरायचा बेस करून पाहिला होता, पण तो चालला नाही. मग १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. पडद्यांमुळे स्वर चुकणार नाही, हा त्या नावाचा अर्थ. हे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे! त्यांचे दुकान वादकांनी भरलेले असे, आणि वादक काय कुरकुरतात ते ऐकणे हेच त्यांचे संगीतशिक्षण. आमच्या मेळाव्यात असा एखादा नुसता ऐकणारा असता तर मी त्याला पहिल्या रांगेत बसवले असते.

इलेक्ट्रिक गिटार आपल्या देशात रुळली तीही गमतीने. विजेवरची जी पहिली गिटार १९३२ च्या सुमारास अमेरिकेत विकली जाऊ लागली ती उभ्याने वाजवायची नव्हतीच. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवून वाजवायची, हवाई बेटांच्या पद्धतीची. ही पद्धत आपल्याला फार लवकर मानवली, कारण तिच्यात मींड निघते. व्हॅन शिप्ले आणि हजारासिंग यांनी विजेच्या गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी मांडीवरच्या गिटारवर राग मांडला, आणि १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका केली. हे सगळे गाजले, आणि गाजायलाच हवे होते. पण लक्षात घ्या, गाजली ती गाणारी गिटार. खालून आधार देणारी गिटार आली ती चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात, आणि तिथेच राहिली, नावाशिवाय.

नावाचा हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत डेट्रॉईट शहरी मोटाऊन नावाच्या कंपनीने १९६० च्या दशकात गाण्यांमागून गाणी लोकप्रिय केली. त्यांतल्या कितीतरी गाण्यांत बेस वाजवला जेम्स जेमरसन या गृहस्थांनी, उजव्या हाताच्या एकाच बोटाने. जगभरच्या बेसवाल्यांनी त्यांच्यापासून धडे घेतले, पण कोणापासून घेतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. कारण तबकडीवर वादकांची नावेच नसत. १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर ती छापली गेली, तेव्हा कुठे जेमरसन हे नाव लोकांनी वाचले. १९८३ मध्ये ते वारले. लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के यांची गत फार निराळी नाही. त्या मूळच्या गिटारवादक. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही म्हणून त्यांच्या हाती बेस दिला गेला, आणि पुढे त्यांनी तो असा वाजवला की आज त्या काळची गाणी लावली की निम्म्यांत त्याच असाव्यात अशी शंका येते. त्यांचेही नाव ऐकणाऱ्यांना कित्येक वर्षे माहीत नव्हते.

आणि आपल्याकडे? ‘दम मारो दम’ हे १९७१ चे गाणे कोणाला माहीत नाही? गायिका सांगता येते, संगीतकार सांगता येतो, पडद्यावरची नटी तर सांगता येतेच. सुरुवातीची गिटार भूपिंदरसिंग यांची, हे सांगणारे थोडे. आणि तेही बहुधा भूपिंदर पुढे गायक म्हणून नावारूपाला आले म्हणून. राहुलदेव बर्मन यांच्याकडे वर्षानुवर्षे बेस वाजवणारे टोनी वाझ यांचे नाव आपल्या वर्गात विचारून पाहा. मी विचारले आहे. एकाने “क्रिकेटर का?” असे विचारले. गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि वाद्यमेळ रचणाऱ्यांनी मुंबईचे चित्रपटसंगीत अक्षरशः उभे केले. त्यांच्या मुलाखती घेऊन ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी प्राध्यापकाने २००८ मध्ये एक जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिले. मराठीत असे काम कोणी विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून का करू नये? मुंबई-पुण्यात अशी माणसे अजून आहेत, पण वये पाहता घाई केलेली बरी.

मला वाटते, मागे उभ्या असणाऱ्याविषयीची ही अनास्था आपल्या भाषेतच शिरली आहे. ‘री ओढणे’ हा वाक्प्रचार घ्या. एखाद्याला स्वतःचे मत नाही, दुसऱ्याचेच म्हणणे तो पुढे चालवतो, हे सांगायचे असले की आपण म्हणतो, हा त्याची री ओढतो. वस्तुतः री ओढणे हे केवढे अवघड काम! पोवाड्यात शाहिराने कडवे सोडले की झीलकरी ते झेलतात. तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो, पुढची ओळ आठवते. झीलकरी चुकला तर शाहीर संपलाच. सनईवाल्यांत एक जण नुसता सूर धरून बसलेला असतो, गाल फुगवून, तासन्‌तास; मांडवातले कोणी त्याच्याकडे पाहत नाही. आणि तंबोरा? त्याची चौथी तार खर्जाची. गवयाच्या मागे तंबोऱ्यावर बसणे हा आपल्या घराण्यांतला शिक्षणाचाच भाग होता. शिष्याला गायला मिळण्याआधी कित्येक वर्षे सूर धरायला मिळे, आणि सूर धरता धरता कान तयार होई. जी गोष्ट आपल्या परंपरेने विद्या मानली तिला आपल्या वाक्प्रचाराने शिवी केले.

अर्थात बेस म्हणजे तंबोरा नव्हे, हे कबूल केले पाहिजे. तंबोरा स्थिर, बेस चालता. वर सा-ग-प हे तीन स्वर वाजत असताना खाली बेसने सा धरला तर ऐकणाऱ्याला मोकळे, उजेडात आल्यासारखे वाटते. वरचे तिन्ही स्वर तसेच ठेवून बेसने फक्त खालचा ध धरला की तेच स्वर उदास होतात. वर काहीच हललेले नाही; गाणारी तेच गाते आहे, गिटारवाला तेच धरून बसला आहे. भाव बदलला तो मागच्या माणसाने, एका बोटाने. एवढी सत्ता असूनही जो पुढे येऊन नाचत नाही, त्याच्याविषयी मला आदर वाटतो. पॉल मॅकार्टनी यांनीसुद्धा १९६१ मध्ये बेस घेतला तो त्यांचा बेसवाला वाद्यवृंद सोडून गेला आणि दुसरे कोणी घेईना म्हणून. डावखुऱ्याला उलटे धरले तरी विचित्र दिसू नये अशी व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर त्यांनी हॅम्बुर्गमध्ये तीसएक पौंडांना घेतली. तीच १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली. पुढे काही बेसप्रेमींनी आणि पत्रकारांनी एकत्र येऊन तिचा माग काढला, लोकांना आवाहन केले, आणि अखेर एका घराच्या माळ्यावर ती सापडली. २०२४ च्या फेब्रुवारीत ही बातमी जाहीर झाली. एकावन्न वर्षांनी! हौशी लोक एकत्र आल्याने काय होऊ शकते याचे हे उदाहरण मला सव्वीस जणांनी मिळून पेडलच्या किमतींवर वाद घालण्यापेक्षा अधिक भावते.

कोणी म्हणेल, बाई, हे सारे परदेशी वाद्यांचे कौतुक आपल्या मराठी अंकात कशाला? हा आक्षेप जुना आहे. पेटीवरही तो होता; १९४० मध्ये रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत पुरती उठली नाही. तोवर गोविंदराव टेंब्यांच्या पेटीने मराठी रंगभूमी आपलीशी केली होती, आणि आज कीर्तनात पेटी नसेल तर बुवांना चुकल्यासारखे वाटते. मुंबईच्या गणपतीपुढे जी ‘बेंजो’ वाजते ती तर बेंजो नव्हेच; ते मुळात जपानचे, १९१२ च्या सुमारास निघालेले ताइशोगोतो, जे आपल्याकडे बुलबुलतरंग झाले आणि पुढे पिकअप बसवून मिरवणुकीत आले. म्हणजे विजेवरचे तंतुवाद्य लालबाग-परळच्या रस्त्यावर कधीच मराठी झाले आहे. प्रश्न वाद्य कुठले हा नाही, ते कोण वाजवते आणि कशासाठी हा आहे. आजच्या घडीला मुंबईची मोहिनी डे आणि चेन्नईचे कीथ पीटर्स हे ए. आर. रहमान यांच्यासारख्यांच्या संगीताला खर्ज देतात, आणि त्यांना कोणी परदेशी म्हणत नाही.

खरा धोका वेगळ्याच बाजूने येतो आहे, आणि इथे मी आपल्या गॅदरिंगकडे वळते. आमच्या आधीच्या विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे की पूर्वी गॅदरिंगला महाविद्यालयाचा स्वतःचा वाद्यवृंद असे. पेटी विद्यार्थ्याची, तबला शिपाईमामांच्या मुलाचा, गिटार कुठून तरी मागून आणलेली. चुका होत, हशा होई, पण जे वाजे ते मुले वाजवत. गेल्या तीन वर्षांत मी पाहते आहे, गाण्याच्या स्पर्धेत एकही वादक रंगमंचावर नसतो. स्पर्धक येतो, पेनड्राइव्ह देतो, आणि ‘ट्रॅक’ सुरू होतो. त्या ट्रॅकमध्ये बेस आहे, ड्रम आहेत, व्हायोलिनचा ताफा आहे, फक्त माणूस नाही. ट्रॅक गायकासाठी थांबत नाही, त्याचा श्वास पुरला नाही तरी वाट पाहत नाही. परवाच्या स्पर्धेत एक मुलगी अर्धी ओळ उशिरा आली आणि शेवटपर्यंत ती अर्धी ओळ तिच्या मागे लागली. तबलजी असता तर त्याने एका तिहाईत तिला आत घेतले असते, आणि परीक्षकांना पत्ताही लागला नसता.

ट्रॅकच्या बाजूने तीन कारणे सांगतात. पैसे लागत नाहीत, सराव लागत नाही, आणि आवाज हवा तेव्हा बंद करता येतो. तिसरे कारण मी हसण्यावारी नेत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र आहे, आणि हे नियम योग्यच आहेत. मुंबईच्या धोबीतलावच्या रंगभवनात १९७८ मध्ये जॅझ यात्रा भरली, १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाले, आणि नव्या शतकाच्या आरंभी या नियमांपायी ते मैदान अशा मैफलींना पारखे झाले. रसिकांना त्याची हळहळ वाटते, मलाही ऐकीव वाटते; पण शेजारच्या इस्पितळातल्या रुग्णाची बाजू मला त्याहून मोठी वाटते. मात्र आपले सभागृह बंदिस्त आहे आणि गॅदरिंग दुपारी तीनला सुरू होते. शिवाय ट्रॅकच्या कर्ण्यांनी यंदा प्रयोगशाळेच्या काचा थरथरत होत्या, तेव्हा आवाजाचे निमित्त वाद्यांच्याच माथी का?

पहिली दोन कारणे मात्र मला मान्य नाहीत. सराव लागत नाही हीच तर तक्रार आहे. महाविद्यालयात पुढे येऊन बोलण्याला बक्षिसे पुष्कळ: वक्तृत्व, वादविवाद, एकपात्री, सुगम गायन. मागे उभे राहून दुसऱ्याला सांभाळण्याला एकही नाही. चार जणांनी एका खोलीत बसून एकमेकांचे ऐकत एक गाणे बसवणे, यात जे भांडण होते, जी लाज वाटते, आणि पंधराव्या खेपेला जे अचानक जुळते, ते पेनड्राइव्हमधून मिळत नाही. पुण्याच्या त्या मेळाव्यातले बारा गिटारवाले मला आठवतात. ते सगळे हुशार होते, घरी बसून ट्रॅकबरोबर वाजवत शिकलेले होते, आणि म्हणूनच त्यांना थांबणे ठाऊक नव्हते. ट्रॅक कधी म्हणत नाही, “बाबा रे, आता जरा मला वाजवू दे.”

पैशाचे म्हणाल तर जिमखाना निधीतून गेल्या वर्षी जो धुराचा यंत्रसंच भाड्याने आणला, ज्याने दुसऱ्या रांगेतल्या प्राध्यापकांना खोकला आणला, त्या भाड्यात थोडी भर घातली तर एक साधा बेस आणि एक लहान अँप येतो. ते कायमचे राहतील. तबला-पेटी आपल्याकडे आहेच. तिजोरीसारख्या कुलपात आहे, पण आहे.

म्हणून आम्ही काही जणांनी सांस्कृतिक मंडळाकडे अर्ज दिला आहे. त्यात मागण्या साध्या आहेत. आठवड्यातून दोन दिवस, तास संपल्यावर, एक खोली. गायनस्पर्धेत ट्रॅकवाल्यांना बंदी नको, पण प्रत्यक्ष साथ घेणाऱ्यांसाठी वेगळे बक्षीस हवे, आणि ते गायकाला एकट्याला न देता सगळ्यांना मिळून द्यावे. निवेदकाने गाण्याआधी साथीदारांची नावे सांगावीत, आणि ती आधी मागच्यांची, मग पुढच्याचे, अशा क्रमाने. या शेवटच्या मागणीवर मंडळात बरीच करमणूक झाली असे कळते. खोलीचे जवळजवळ ठरले आहे. ग्रंथालयामागची, जिथे सध्या मोडकी बाके ठेवली आहेत. बाके हलवायला आम्हीच जायचे आहे.

अर्जावर नऊ सह्या आहेत. प्रत्येकाने सहीपुढे आपले वाद्य लिहायचे होते. सहा जणांनी गिटार लिहिले आहे, दोघांनी गायन, एकाने तबला. बेसच्या पुढची जागा मी खोडून माझे नाव घातले आहे, त्यामुळे गिटारवाले आता पाच. काकांनी महिन्यातून एका शनिवारी येऊन शिकवायचे कबूल केले आहे. मानधन नको, पण स्टेशनवरून आणायला कोणी तरी स्कूटर घेऊन यावे, एवढीच त्यांची अट आहे. ज्यांच्याकडे स्कूटर आहे आणि दुसऱ्यांच्या मागे वाजवायची तयारी आहे, त्यांनी ग्रंथालयाजवळच्या सूचनाफलकावरच्या कागदावर नाव लिहावे.